एका घरातला एकच सालदार

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकी आदल्या दिवशी येतात. कुंदा सणाच्या दिवशी, रविवारी, सकाळी पावणेदहाला पोचली. धुळ्याहून पहिल्या मोटारीनं पारोळा, आणि तिथून बैलगाडीनं अडीच कोस. उशीर झाला, कारण आदल्या दिवशी दुपारी धुळ्यातल्या पंपदुरुस्तीच्या सरकारी वर्गाच्या फाटकावर लावलेली यादी ती वाचत उभी होती. तीनदा वाचली. मग आत जाऊन कारकुनाला विचारलं. कारकुनानं फाईल दाखवायला नको होती, पण देवपूरच्या शाळेतली मास्तरीण आहे म्हटल्यावर दाखवली. कुंदानं त्यातला एक कागद वहीत उतरवून घेतला. तो घेऊन ती माहेरी आली होती.

अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता. भाईदासची दोन पोरं त्यावर उभी राहून झोके घेत होती. सुनंदावहिनी चुलीपुढे खापरावर पुरणाच्या पोळ्या टाकत होती. देवघरापाशी पितरांची घागर मांडून झाली होती, तिच्यावर डांगराचं फळ ठेवलेलं. आणि ओट्यावर, आबांच्या गादीशेजारी, पितळी ताटात एक पांढरी टोपी, एक धोतर आणि एक नारळ.

ताट पाहिलं आणि कुंदाच्या मनात वेळेचा हिशोब सुरू झाला. या घरात सालदाराचं, म्हणजे सालाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याचं, वर्ष आखाजी ते आखाजी. दुपारी त्याला जेवू घालायचं, मग आबा टोपी देणार, त्यानं ती डोक्यावर चढवली की पुढचं साल लागलं. यात लिहिणं नाही की वाचणं नाही, टोपी हाच करार. टोपी घातलेला माणूस वर्षाच्या आत काम सोडून गेला तर आसपासच्या दहा गावांत त्याला कोणी उभं करत नसे. धुळ्याचा वर्ग पंधरा जूनला सुरू होणार होता. म्हणजे जे बोलायचं ते जेवणाआधी.

"ये माय, उशीर कसाले कया?" बेबाबाईंनी लेकीच्या पायावर पाणी घातलं.

"उखर्डू कुठं आहे, माय?"

"मयामा. इंजिन बंद करीसन येई जेवाले. तू आधी बस तं खरी."

कुंदा बसली नाही. रागावली की ती घरातही शाळेतली भाषा बोलत असे, आणि तेवढ्यावरून माय ओळखायची. बेबाबाई तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आबा, उखर्डूचा कागद तुम्ही पाठवला होता?"

आबा म्हणजे तोताराम पाटील, गावचे मुलकी पाटील, वय अडुसष्ट. त्यांनी पानाला चुना लावता लावता मान हलवली. "धाडा ना. तवयच धाडा."

"काय लिहून?"

"जे लिखतस ते."

फेब्रुवारीत याच ओट्यावर बसून कुंदानं उखर्डूचा अर्ज भरला होता. शेतीपंप आणि तेलइंजिन दुरुस्तीचा दहा महिन्यांचा वर्ग, जागा चोवीस, वय अठरा ते पस्तीस, भूमिहीन आणि कमी उत्पन्नाच्या माणसांसाठी. महिना पंचवीस रुपये विद्यावेतन. पास झाल्यावर सरकारी कारखान्यात नोकरी. लिहिता-वाचता यावं एवढी अट होती, आणि उखर्डूनं दोन वर्षांपूर्वी प्रौढांची परीक्षा दिली होती. एकच गोष्ट राहिली होती: मालकाचा दाखला, किती वर्षं कामास आहे त्याचा. "ते मी लिखी देस, तू जाय," असं आबा म्हणाले होते. कुंदा गेली. चूक इथं झाली, आणि ती तिची होती. पोस्टात टाकायचा कागद तिनं वडिलांच्या हातात ठेवला होता.

तिनं वही उघडली आणि वर्गात वाचून दाखवावं तशा आवाजात वाचलं.

"'उखर्डू झुलाल हा इसम आमचेकडे कामास नाही. आमचेकडे एकच सालदार असून त्याचे नाव लीलाधर. त्याच्या नावे जमीन नाही. वार्षिक उत्पन्न रुपये दोनशे चाळीस.' खाली तोताराम दगडू, मुलकी पाटील. आणि शिक्का."

झोका थांबला नाही, पण बाकी सगळं थांबलं. खापरावरची पोळी करपल्याचा वास आला तेव्हा सुनंदावहिनीला ती उलटायची आठवण झाली.

माजघरातून लीलाधर बाहेर आला. कुंदाचा धाकटा भाऊ, सत्तावीस वर्षांचा, इंटरला दोनदा बसलेला. इस्त्रीचा सदरा, दाढी ताजी. त्यानं सगळं आतून ऐकलं होतं.

"अक्का, नियमच तसा आहे. एका मालकाकडून एकच उमेदवार घेतात."

"नियम मी तुझ्याआधी वाचलाय. मी विचारते, तो एक कोण?"

"माझ्या नावावर एक गुंठा तरी आहे का? सात-बारा काढून बघ. सगळं आबांच्या नावावर. मग मी भूमिहीन नाही तर काय?"

"भूमिहीन म्हने!" चुलीजवळून सुनंदावहिनी पोळी थापता थापता बोलली. "सकायमा दोन वाट्या आमरस पिधा भूमिहीननी. तिसरी मांगी राह्यना व्हता."

"सुनंदा, तू चूप बस," भाईदास म्हणाला. तो थोरला भाऊ, शेती पाहणारा. झोक्याच्या दोराची गाठ तपासायचं निमित्त करून तो निंबाखाली उभा होता.

"का चूप बसू? भावले नोकरी लागी तं बरं, असं तुम्हीच म्हनेत ना माले? वाटनी मांगाना टायमाले तो धुयामा ऱ्हाई, असं कोन म्हनं?"

भाईदासनं दोर सोडला. लीलाधरनं भावाकडे पाहिलं. ही गोष्ट त्यालाही नवी होती.

कुंदाच्या कानात मात्र वहिनीचं बोलणं नुसतं शिरलं. तिथं थांबायला तिला वेळ नव्हता. "ते तुमचं तुम्ही बघा, भाऊ. मला एवढं सांगा, लीलाधरचं नाव घालायचं होतं तर घालायचं. उखर्डू कामास नाही हे कशाला लिहिलं? दाखला द्यायचाच नव्हता, एवढं पुरलं असतं."

उत्तर भाईदासनं दिलं, आणि त्याला वाटलं आपण अगदी साधी गोष्ट सांगतोय.

"तो गया तं इंजिन कोन चालाडी? गेल्या वर्सी इंजिनना वाल्व बसना नही तं पारोयाना मिस्त्री तीन दिन उना नही. कपाशी वाळी राह्यनी व्हती. यानीच खोललं, यानीच बसाडं. असा मानूस कोनी सोडस का? दाखला नही दिधा असता तं तू दुसरा कोठून तरी आनी देती. म्हनीसन आबानी पक्कं लिखं."

कुंदानं वही मिटली. धुळ्याहून येताना मोटारीत तिनं मनातल्या मनात बापाला लोभी म्हटलं होतं, मुलासाठी आंधळा म्हटलं होतं. एवढा विचार करून केलेलं असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. एका ओळीत दोन कामं: धाकट्याला जागा, थोरल्याला गडी.

"म्हणजे," ती म्हणाली, "त्याला इंजिन येतं म्हणून त्याला इंजिन शिकायला जाऊ द्यायचं नाही. आणि ज्याला इंजिनाचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं ते माहीत नाही, त्याला सरकारनं पंचवीस रुपये महिना देऊन शिकवायचं."

"मी शिकेन की!" लीलाधर म्हणाला.

"तू काल संध्याकाळपासून पत्ते शिकतोयस. किती घालवले?"

"आखाजीला सगळेच खेळतात, अक्का."

"सालदार खेळत नाहीत. त्यांना वैरण टाकायची असते."

साडेअकराला उखर्डू मळ्यातून आला. कोपरापर्यंत हात काळे. हौदापाशी बसून त्यानं राखेनं हात घासले, तरी नखांत तेल राहिलंच. मग दरवर्षीप्रमाणे तो गोठ्याच्या उंबऱ्याशी टेकला. त्याचं ताट तिथंच वाढत. बारा वर्षांचा होता तेव्हा झुलालनं त्याला या घरात आणून सोडलं. आज तो एकतीसचा होता. कुंदाकडे पाहून हसला.

"अक्का, यादी लागनी का?"

विचारताना त्यानं आवाज खाली ठेवला होता, पण डोळ्यांत जे होतं ते खाली ठेवता आलं नव्हतं. कुंदाला वाटलं, वही आपण जाळून टाकली असती तर बरं. पण तिनं त्याच्यासमोर बसून पुन्हा एकदा वाचलं. या वेळी हळू.

"फिरी वाचा," उखर्डू म्हणाला.

तिनं पुन्हा वाचलं.

"मी आठे कामाले नही?"

सुनंदावहिनीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मंग आबा," तो आबांकडे वळला. त्याच्या स्वरात भांडण नव्हतं. खरोखर माहिती हवी असल्यासारखं त्यानं विचारलं. "मंग एकोणीस वरीस मी कोठे व्हतू?"

आबांनी पान तोंडात घातलं. "कागद शे रे तो, उखर्डू. कागदमा काय बी लिखतस. तुले आठे काय कमी शे? जेवन कर, टोपी घाल. पुढला वर्सी देखसूत."

"पुढल्या वर्षी वय बत्तीस. त्याच्या पुढच्या वर्षी तेहेतीस," कुंदा म्हणाली. "पस्तीसपर्यंत तुम्ही देखतच राहाल."

ती उठली. ओट्यावरच्या पितळी ताटातली टोपी तिनं उचलली आणि लीलाधरच्या पुढे धरली.

"घाल."

"अक्का, काय चावटपणा आहे!"

"सालदार तू. सरकारच्या फाईलमध्ये तू. या घरात एकच सालदार आहे, असं पाटलानं शिक्का मारून लिहिलंय. घाल टोपी. पाच वाजता म्हशी सोडायच्या. शेण तू काढायचं. जेवायला तिकडं, गोठ्याच्या उंबऱ्याशी. नारळ घे, धोतर घे. आबा, द्या त्याला तुमच्या हातानं."

झोक्यावरची पोरं फिदीफिदी हसली. लीलाधरचा चेहरा लाल झाला. तो एक पाऊल मागं सरला, आणि मागं सरताना त्यानं उखर्डूकडे पाहिलं. एकोणीस वर्षं एका अंगणात काढून त्यानं त्याच्याकडे असं कधी पाहिलं नसावं.

"कुंदा!" आबा गरजले. "आखाजीना दिन शे. घरमा पितरं जेवाले बसेल शेतस!"

"बरं झालं. त्यांनीही ऐकलं."

भाईदास मध्ये आला. मिटवामिटवी हे त्याचंच खातं. "कुंदा, तू शहाणी शे, तुले समजाले पाहिजे. कागद आन् खरं याना काय संबंध? बठ्ठा गाव कागद करी राह्यना. सीलिंगना कायदा येई राह्यना म्हनीसन आबानी माघमा नदीकडलं अकरा एकर मायना नाववर करं. मंग ती काय मालकीण व्हई गई? कागद तो कागद!"

"काय म्हनना, भाईदास?"

बेबाबाई अजून तांब्या घेऊन उभ्या होत्या. पंचेचाळीस वर्षं या घरात त्यांनी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"काही नही, माय."

"माघमा माले पारोयाले नेलं. कचेरीमा अंगठा लावा. मी इचारं, कसाना शे? तू म्हनना, घरपट्टीना शे."

भाईदासनं आबांकडे पाहिलं.

"ते शेत मना नाववर शे?"

"कागदवर, माय. नुसतं कागदवर."

"तठे नांगर कोन हाकस?"

यावर खोटं बोलणं भाईदासलाही जमलं नाही. समोर उंबऱ्यावर तो माणूस बसला होता. "उखर्डू."

"मंग तो मना सालदार." बेबाबाईंनी तांब्या ओट्यावर ठेवला. "कुंदा, लिख. एकोणीस वरीसपासून कामाले शे असं लिख. इंजिन येस असं बी लिख. माले लिखता येत नही, अंगठा लावता येस. तो कसा लावतस ते तुना आबानी माले शिकाडं शे."

आबा उठून उभे राहिले. त्यांना एवढ्या झटक्यात उठताना कुंदानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तुले समजस का तू काय करी राह्यनी? एका घरना दोन कागद. दोन्हीमा उलटं. मामलेदार इचारी. मनी पाटीलकी जाई, बेबा! तीन पिढ्यानी पाटीलकी!"

"तुम्ही खोटं लिखं तवय ती गई नही," बेबाबाई म्हणाल्या. "मी खरं लिखसू तं कशी जाई?"

"आन् अकरा एकर? ते उघडं पडनं तं?"

"पडू द्या. माले तं मालूमच नव्हतं."

लीलाधर आईपाशी गेला. या वेळी त्याचा आवाज खरा होता. "माय, माझं काय मग? ही जागा गेली तर मला दुसरं काय आहे? भाऊ मला वाटणी देणार नाही, आत्ता ऐकलंस ना? दोनदा नापास झालोय. मला कोण घेणार?"

कुंदाला त्याची दया आली. त्याचा तिला आणखी राग आला. "तुझी वाटणी भाऊंकडून माग. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे माग. ज्याच्याकडे काही नाही त्याच्या ताटातलं का उचलतोस?"

कागद दहा ओळींचा झाला. 'हा इसम' असं लिहिलेलं उखर्डूनं वाचताना बोट ठेवून दाखवलं आणि तिथं नाव घालायला सांगितलं. अंगठ्याला शाई नव्हती, म्हणून आबांच्या शिक्क्याची पेटी आणावी लागली. ती आणायला सुनंदावहिनी गेली, नवऱ्याकडे न पाहता. बेबाबाईंनी अंगठा नीट दाबून लावला.

आबांनी टोपी पुढे केली नाही आणि उखर्डूनं मागितली नाही. जेवण मात्र तो जेवला. पुरणपोळीवर राग काढण्याइतका तो श्रीमंत नव्हता.

मंगळवारी सकाळी अकराला कुंदा आणि उखर्डू धुळ्यात वर्गाच्या कचेरीत उभे होते. कारकुनानं नवा कागद वाचला, फाईलमधला जुना काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला.

"एकच गाव, एकच घर. पाटील म्हणतात, हा माणूस आमच्याकडे नाही. पाटलीणबाई म्हणतात, एकोणीस वर्षं आहे. यातला एक खोटा आहे, बाई."

"हो."

"कोणता?"

तो प्रश्न येणार हे तिला रविवारपासून माहीत होतं. तिनं उत्तरही ठरवून ठेवलं होतं: मालक दोन आहेत, जमिनी दोन आहेत, दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कारकून भला होता, चालवून घेतलं असतं. पण मग लीलाधरची जागा तशीच राहिली असती. जागा चोवीस, यादी चोवीसची. उखर्डूला वाट बघणाऱ्यांत सहावा नंबर मिळाला असता. आणि त्याच्या आधीच्या पाच जणांच्या घरी कुठल्या पाटलानं काय लिहिलं होतं, ते विचारायला कोणी आलंच नसतं.

"पहिला खोटा आहे," ती म्हणाली. "चौदा नंबरवर जे नाव आहे ते माझ्या धाकट्या भावाचं. तो सालदार नाही. त्यानं कधी कोणाकडे काम केलेलं नाही. घरची जमीन एकशे चार एकर आहे."

"तुम्ही असं तोंडी सांगून चालणार नाही. लिहून द्यावं लागेल. आणि लिहून दिलंत तर कागद मामलेदाराकडे जाईल, हे सांगून ठेवतो. वडील आहेत तुमचे."

"कागद द्या."

तिनं उभ्या उभ्याच लिहिलं. वडिलांचं नाव पूर्ण लिहिलं, हुद्द्यासकट. 'माझ्या समक्ष' आणि 'माझ्या माहितीप्रमाणे' यातला फरक ती मुलांना शिकवत असे. तो इथं जागच्या जागी पाळला. सहीशी आल्यावर हात थांबला. कुंदा देवरे असं लिहिलं असतं तर कोणीही परकी बाई वाटली असती. तिनं लिहिलं: कुंदा तोताराम पाटील, हल्ली देवरे.

उखर्डू शेजारी उभा राहून अक्षर न अक्षर वाचत होता. ती सही करत असताना मात्र त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

कारकून तिन्ही कागद घेऊन आत साहेबांकडे गेला. पंचवीस मिनिटं लागली. बाहेर आला तेव्हा हातात यादी होती, चौदा नंबरवर तांबडी रेघ, आणि रेघेच्या वर शाईनं लिहिलेलं नवं नाव.

"साहेब म्हणाले, अर्ज वेळेत आलेला आहे, तेव्हा त्या घराची जागा तिथल्या खऱ्या सालदाराला. उखर्डू झुलाल, इकडं या. पंधरा जूनला सकाळी आठ. राहायचं इथंच, मागच्या खोल्यांत. अंथरूण-पांघरूण आपलं. ताट आणि तांब्या आपला."

"तांब्या शे," उखर्डू म्हणाला. मग थोडा थांबला. "ताट नही."

"घरून आणा."

"घरनं नही, साहेब. एकोणीस वरीस जेवनू ना, ते त्यासनं व्हतं."

कारकुनानं त्याच्याकडे पाहिलं, मग कुंदाकडे. कुंदानं मान खाली घातली.

"ताट लागेल," तो म्हणाला. "त्याशिवाय इथं वाढत नाहीत."